व्हेनिसमध्ये लाकडी होड्या अजून बांधतात का, आणि एका वल्ह्यावर होडी सरळ कशी जाते?

तुमचे चारही प्रश्न एकत्रच घेते. पुढच्या वर्षी तुम्ही व्हेनिसला येताय. गोंडोला ही आता पर्यटकांपुरती शोभेची वस्तू उरली आहे का, लाकडी होड्या तिथे खरंच अजून बांधतात का, एकाच बाजूला एकच वल्हं मारून होडी गोल गोल का फिरत नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाला हे शिकता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी चौदा वर्षं इथे आहे. लाकडाच्या वस्तूंचं जतन शिकायला आले आणि राहिले. आठवड्याचे चार दिवस एका स्क्वेरोत काम करते. स्क्वेरो म्हणजे होड्या बांधायची आणि दुरुस्त करायची जागा, पाण्याकडे उतरत गेलेल्या अंगणाची. दोन संध्याकाळी आमच्या क्लबात नव्या लोकांना वल्हवायला शिकवते. माझे आजोबा मालवणकडे खाडीवर उलांडीच्या, म्हणजे तोल राखायला बाजूला आडवं लाकूड जोडलेल्या होड्या बांधायचे; त्यांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, अजून आमच्या घरी आहे. इथे होडी बांधणाऱ्या सुताराला ‘माएस्त्रो दाशा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः वाकसाचा उस्ताद. तो शब्द कळला त्या दिवशी मला इथलं परकेपण निम्म्याने कमी झाल्यासारखं वाटलं.

आधी वल्ह्याचं सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावरून कळतं.

व्हेनिसच्या भोवतीचं पाणी म्हणजे साडेपाचशे चौरस किलोमीटरचं खाजण समजा. बहुतेक ठिकाणी कंबरभर-छातीभर पाणी, ओहोटीला कित्येक भागांत नुसता चिखल, आणि मधूनमधून खोल वाटा. त्या वाटा दाखवायला पाण्यात ओकचे खांब रोवलेले असतात. अशा पाण्यात पाठमोरं बसून वल्हवणं म्हणजे होडी चिखलात रुतवणं. म्हणून इथला माणूस उभा राहतो आणि तोंड पुढे करतो. उभं राहिलं की पाण्याचा रंग दिसतो, आणि रंगावरून खोली कळते. आपल्याकडे खाडीत बांबू टेकवत होडी ढकलणारा माणूसही उभाच असतो, त्याच कारणाने. शहरातल्या अरुंद कालव्यांतही तेच. दोन्ही बाजूंना वल्ही पसरायला जागाच नसते, समोरून होडी येत असते, वर पूल असतो. एका बाजूला एक वल्हं, बस.

आता ती सरळ कशी जाते. एकटा माणूस होडीच्या मागच्या टोकाशी उभा राहतो आणि वल्हं उजव्या बाजूला असतं. अंगाचं वजन पुढच्या पायावर टाकून दांडा पुढे ढकलला की पातं मागे जातं, होडी पुढे सरकते, आणि त्याच वेळी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळते. ह्या अर्ध्या भागाला ‘प्रेमेर’ म्हणतात. इथपर्यंत कोणालाही जमतं, आणि तुमची शंका बरोबर आहे: एवढंच करत राहिलं तर होडी डावीकडे गोल फिरते. सगळी कला परतीच्या अर्ध्या भागात आहे. पातं पाण्याबाहेर काढायचं नाही. मनगट वळवून ते कलतं करायचं आणि पाण्याखालूनच कापत पुढे आणायचं, आणताना किंचित दाब ठेवायचा. त्या दाबाने नाळ उजवीकडे परत येते. ह्याला ‘स्तालिर’ म्हणतात. म्हणजे प्रत्येक फेरीत होडी जराशी डावीकडे जाऊन जराशी उजवीकडे येते, आणि काठावरून बघणाऱ्याला ती सरळ गेलेली दिसते.

ह्याच दोन शब्दांवरून रहदारीची भाषा बनली आहे. आंधळ्या वळणावर गोंडोलावाला ‘ओए!’ अशी हाळी देतो आणि ‘प्रेमी’ म्हणाला तर तो डावीकडे जाणार, ‘स्ताली’ म्हणाला तर उजवीकडे. हाताच्या हालचालीचं नाव हेच दिशेचं नाव झालं.

नवा माणूस हमखास एकच चूक करतो. तो दांडा आवळून धरतो. आवळलं की मनगट वळत नाही, पात्याचा कोन चुकतो, पातं खोल ओढलं जातं आणि वल्हं आधारातून निसटून बाहेर येतं. कारण तो आधार बंद कडी नाही. तो उघडा आहे, आणि तीच इथल्या सगळ्या कारागिरीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे.

त्याला ‘फोर्कोला’ म्हणतात. अक्रोडाच्या खोडाचा चौथा भाग घेऊन, तो काही वर्षं वाळवून, त्यातून एकसंध कोरून काढलेला तुकडा. होडीच्या काठावर एका लाकडी ठोकळ्याला भोक असतं, त्यात तो नुसता बसवतात. खिळा नाही, स्क्रू नाही, संध्याकाळी उपसून घरी नेता येतो. दुरून तो एखाद्या शिल्पासारखा दिसतो आणि लोक तो तसाच विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवतात. पण त्याचा एकही बाक शोभेसाठी नाही. वरच्या खाचेत वल्हं टेकवलं की पुढे जायचा जोर. खालच्या कोपरावर टेकवलं की होडी सावकाश निघते. पुढच्या बाजूला टेकवलं की थांबते, दुसऱ्या एका ठिकाणी टेकवलं की उलटी जाते, आणखी एका बाकावर जागच्या जागी वळते. गोंडोलाच्या फोर्कोलावर अशा सात-आठ जागा आहेत. सायकलला गिअर असतात तसं म्हणा, फक्त गिअर बदलायला वल्हं उचलून दुसरीकडे टेकवायचं, तेही चालत्या होडीत आणि खाली न बघता.

फोर्कोला आणि वल्ही बनवणारा कारागीर वेगळा. त्याला ‘रेमेर’ म्हणतात. पूर्ण शहरात असे मोजकेच उरलेत. साव्हेरिओ पास्तोर आणि पाओलो ब्रांदोलिझिओ ही त्यांतली जाणती नावं, आणि दोघंही ज्यूझेप्पे कार्ली ह्या जुन्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. रेमेरकडे गेलात तर तो आधी तुमची उंची बघतो, मग कुठली होडी, तुम्ही पुढे उभे राहता की मागे, हे विचारतो. माझा फोर्कोला माझ्यापेक्षा वीतभर उंच मैत्रिणीला चालत नाही. तिच्या पाठीत दुखायला लागतं.

वल्हं गोंडोलासाठी सव्वाचार मीटरच्या आसपास लांब असतं, बहुधा बीच किंवा रामिनच्या लाकडाचं. ते हातात घेतलं की पहिल्यांदा जड वाटतं. पाण्यात टाकलं की नाही वाटत.

आता होडीकडे येते. गोंडोला जवळपास अकरा मीटर लांब आणि साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद असते. वरून बघितली तर ती वाकडी आहे. डावी बाजू उजवीपेक्षा चोवीस सेंटिमीटर जास्त फुगीर. वल्हवणारा एकटा, वल्हं एकाच बाजूला, म्हणून होडीच अशी बांधली की तिचा कल वल्ह्याच्या ओढीला उतारा देतो. रिकामी गोंडोला पाण्यात उजवीकडे झुकलेली दिसते. माणूस मागे डावीकडे उभा राहिला की सावरते. लांबीतही ती दोन्ही टोकांना वर उचललेली असते, तळाचा मधला भाग तेवढा पाण्याला टेकतो, त्यामुळे एवढी लांब होडी जागच्या जागी फिरते. नाळेवरचं दातेरी लोखंड मागच्या माणसाच्या वजनाला तोल देतं. त्याचे सहा दाते म्हणजे शहराचे सहा भाग, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, ती गोड आहे, ऐकून घ्या. आजचा वाकडा आकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्का झाला. त्यात दोमेनिको त्रामोन्तिन ह्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी १८८४ मध्ये आपला स्क्वेरो काढला होता.

एका गोंडोलात आठ जातींचं लाकूड आणि सुमारे दोनशे ऐंशी भाग असतात. बाजूच्या लांब फळ्या ओकच्या, तळ फरचा, फासळ्यांना एल्म, टोकांच्या ठोकळ्यांना लिंडन, शिवाय लार्च, चेरी, अक्रोड, महोगनी. हे लाडाकोडाने ठरलेलं नाही. फर हलकं आणि पाणी पिऊन फुगणारं, ओक चिवट आणि लांबीला भरवशाचं, लिंडन कोरायला मऊ. आजोबा म्हणायचे, झाड कुठे वाकलं ते बघून होडीचा वाक निवडायचा. इथेही फासळीसाठी नैसर्गिक वाकाचं लाकूड शोधतात, शब्द तेवढा निराळा.

हे लाकूड पूर्वी कादोरेच्या डोंगरांतून पिआवे नदीवरून तराफ्यांनी खाली यायचं. ज्या धक्क्यावर ते तराफे लागायचे त्याचं नाव आजही ‘झात्तेरे’, म्हणजे तराफे. लाकडाबरोबर डोंगरातले सुतारही आले. सान त्रोव्हासोचा जुना स्क्वेरो बघाल तर तो व्हेनिसमधला वाटतच नाही, आल्प्समधलं लाकडी घर वाटतं. सुतारांनी आपल्या गावचं घर पाण्याकाठी आणून ठेवलं. समोरच्या फोंदामेन्ता नानीवरून तो दिसतो. सकाळी कामाच्या वेळी जाऊन पलीकडच्या काठावर उभे राहा. आत मात्र मधे जाऊन विचारपूस करू नका, माणसं कामात असतात.

फळी वाकवण्याचा दिवस हा स्क्वेरोतला सगळ्यांत मोठा दिवस. होडीचा साचा जमिनीत पक्का रोवलेला असतो. फळी एका बाजूने ओली करत राहायची आणि दुसऱ्या बाजूने वाळलेल्या बोरूच्या जुड्या पेटवून धग द्यायची. बोरू का, तर त्याची ज्वाळा मोठी आणि हलकी असते, लाकूड भाजत नाही, तापतं. आमचे मास्तर जुडी हातात धरून फळीच्या लांबीवरून सावकाश चालतात, कुठेही थांबत नाहीत. मी ओलं फडकं घेऊन पलीकडे. मधूनच ते उलट्या बोटाने फळीवर टकटक करतात. आवाज बदलला की मान हलवतात, आणि मग तिसरा माणूस दोरखंडाचा पीळ एकेक वेढा वाढवतो. ओकचा एक आंबूस वास सुटतो, अंगावर वाफ येते. पहिल्या वर्षी मला आवाजातला फरक ऐकूच यायचा नाही. चौथ्या वर्षी एकदा आला, आणि त्यांनी मान हलवायच्या आत मी फडकं थांबवलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या होडीला जुडी माझ्या हातात दिली.

म्हणजे हो, होड्या अजून बांधतात. नवी गोंडोला व्हायला काही महिने लागतात आणि तीस-चाळीस हजार युरो पडतात. सोळाव्या शतकात शहरात गोंडोला हजारोंनी होत्या. आज गोंडोलावाल्यांचे परवाने सव्वाचारशेच्या आसपास आहेत, त्यामुळे नव्या गोंडोला थोड्याच लागतात. स्क्वेरोचं बरंचसं काम दुरुस्तीचं: तळ खरवडणं, शेवाळ काढणं, सडलेली फळी बदलणं, रंग. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतोच, कोकणात आहे तसाच. पूर्वी तळाला चरबी फासायचे, आता रंग आले.

तुमच्या पहिल्या प्रश्नात गोंडोला हीच व्हेनिसची होडी असं गृहीत धरलंय. ती त्या मोठ्या घराण्यातली एक. सांदोलो ही मासेमारीची, साधी, हलकी. मास्कारेता तिचीच सडपातळ बहीण, शर्यतीत स्त्रिया दोघी-दोघी वल्हवतात ती. काओर्लिना सहा जणांची, पूर्वी भाजी आणि सामान वाहणारी. पुपारिन, बातेला, बदकांच्या शिकारीची स्चोपोन, आणखी कितीतरी. गोंडोला वगळता ह्या बहुतेकांचे दोन्ही काठ सारखे असतात, होडी वल्ह्याच्या ओढीला काही मदत करत नाही; सगळं मनगटावर. म्हणून मी म्हणते, वल्हवायला शिकायचं तर गोंडोलावर नाही, सांदोलोवर शिका.

ह्यातल्या बऱ्याच होड्या आता मरीन प्लायवूडच्या बनतात. जुनी माणसं नाक मुरडतात आणि त्यांचं दुःख मला समजतं. प्लायवूडला टकटक केलं तर ती एकच सूर देते. पण क्लबांना परवडणाऱ्या, दोघींनी उचलता येणाऱ्या होड्या मिळाल्या त्या प्लायवूडमुळे, आणि त्या मिळाल्या म्हणून वल्हवणारी माणसं टिकली. वल्हवणारी माणसं टिकली म्हणूनच रेमेरच्या दुकानाला गिऱ्हाईक आहे. मी स्वतः फळीची होडी बांधते आणि प्लायवूडच्या होडीवर शिकवते, मला ह्यात विरोध दिसत नाही.

फळीच्या होडीला एक गोष्ट लागते जी प्लायवूडला लागत नाही: पाणी. माझी सगळ्यांत मोठी चूक त्यातच झाली. दुसऱ्या वर्षी क्लबाचा एक जुना सांदोलो रंगवायला माझ्याकडे दिला होता. ऑगस्ट महिना. मी तो उघड्यावर उपडा ठेवून तीन आठवडे सुट्टीला गेले. परत आले तर तळाच्या फटींतून ऊन दिसत होतं. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात, नारळी पौर्णिमेपर्यंत. तिथे हवाच इतकी ओली असते की लाकूड सुकत नाही. मी तोच हिशोब इथल्या उन्हाला लावला. मास्तरांनी फटी बुजवू दिल्या नाहीत. सांदोलो पाण्यात सोडायला लावला, तो काठापर्यंत भरला, तसाच बुडू दिला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं तेव्हा फर फुगून फटी मिटल्या होत्या. वापरात नसलेली होडी ही मरायला लागलेली होडी, हे मला त्या दोन दिवसांत समजलं.

म्हणूनच मला खरी काळजी कारागिरांची संख्या कमी होण्याइतकीच पाण्याची वाटते. मोटारबोटींच्या लाटा, इथला शब्द ‘मोतो ओंदोझो’. घरांच्या पायांना त्या कुरतडतात हे सर्वांना माहीत आहे. पण उभ्याने वल्हवणाऱ्याला त्या थेट पाण्यावरून हुसकावतात. एकदा ज्युदेक्काच्या रुंद कालव्यात एक मालवाहू बोट वेगाने जवळून गेली. माझ्या पुढची मुलगी सतरा वर्षांची होती, ती गुडघ्यावर पडली, वल्हं हातातून गेलं. तिला लागलं नाही, पण ती पुन्हा क्लबात आली नाही. १९७५ मध्ये व्होगालोंगा सुरू झाली ती ह्याच लाटांचा निषेध म्हणून. शर्यत नव्हे, सुमारे तीस किलोमीटरची एकत्र फेरी: सान मार्कोपासून निघून बुरानो, मुरानो ही बेटं करत कान्नारेजोच्या कालव्यातून परत. तोफ वाजली की सगळे वल्ही उभी करून सलामी देतात, आणि तेवढा वेळ मोटारी बंद असतात. जगभरातून दीड-दोन हजार होड्या येतात. पाणी त्या दिवशी जसं सपाट असतं तसं एरवी मला फक्त पहाटे पाचला दिसतं. २०२१ च्या ऑगस्टपासून पंचवीस हजार टनांवरची क्रूझ जहाजं ज्युदेक्का कालव्यातून जायची बंद झाली, हे चांगलंच झालं. पण रोज त्रास देतात त्या छोट्या मोटारी.

शिकता येतं का? हो. इथे वल्हवण्याचे बरेच क्लब आहेत, काही फार जुने. बुचिन्तोरो १८८२ मधला आहे. राहायला आलेली व्यक्ती सभासद होऊ शकते, आणि चार दिवसांसाठी आलेल्यांनाही तासा-दीड तासाचा धडा देणाऱ्या संस्था आहेत. पोहता आलं पाहिजे. वयाची अडचण नाही. माझी एक विद्यार्थिनी एकसष्टाव्या वर्षी आली आणि आता माझ्यापेक्षा शांत वल्हवते. बायकांचं म्हणाल तर त्यांची शर्यत इथे १४९३ मध्येसुद्धा झाली होती, मिलानच्या सत्ताधीशाची पत्नी बेआत्रिचे देस्ते ह्यांच्या स्वागताला. गोंडोलाचा परवाना मात्र पहिल्यांदा एका स्त्रीला, जोर्जा बोस्कोलो ह्यांना, २०१० मध्ये मिळाला.

सपाट रबरी तळव्याचे बूट आणा. पहिल्या धड्यात तुम्हाला नाळेशी उभं करतील, तिथे फक्त जोर लावायचा असतो, दिशा मागचा माणूस सांभाळतो. मागे जाण्याची घाई करू नका. आणि हात दुखले तर समजा चुकतंय. पाय दुखायला हवेत.

गोंडोलात बसायचं की नाही? दिवसा अर्ध्या तासाचा सरकारी दर ९० युरो आहे, एका होडीचा, माणशी नव्हे. पाच जण बसू शकता. जमत असेल तर बसा, पण मोठ्या कालव्यावर न जाता मागच्या अरुंद गल्ल्यांतून न्यायला सांगा. नसेल जमत तर दोन युरोत त्राघेत्तो आहे, मोठा कालवा आडवा ओलांडून देणारी गोंडोला. मासळी बाजारासमोरून सान्ता सोफियाला जाणारी घ्या. दोघं वल्हवतात, दोन-तीन मिनिटांत पलीकडे. समोरचे राजवाडे नंतर बघा, ते कुठे जात नाहीत. मागे उभ्या माणसाकडे तोंड करा आणि पातं परत येतानाचं त्याचं मनगट बघा.